कुंडीतल्या गुबगुबीत दोस्तांची हिवाळी तयारी

दिवाळीचा फराळ संपत येतो. किल्ल्यावरचे मावळे पुन्हा खोक्यात जाऊन बसतात. आणि एके दिवशी पहाटे अंगावरची चादर पुरेनाशी होते. आई माळ्यावरून गोधड्या काढते, बाबा कानटोपी शोधू लागतात आणि आजी म्हणते, 'पाणी अजून जरा तापू दे गं!' थंडी आली बरं का!

दोस्तांनो, घरातल्या सगळ्यांची सोय झाली. पण गच्चीत, गॅलरीत, अंगणाच्या कठड्यावर काही मंडळी अजून बाहेरच उभी आहेत. कोरफड आहे, पानफुटी आहे, जाड जाड पानांचं जेड आहे, काट्यांचा चेंडू झालेला निवडुंग आहे. त्यांची कुणी चौकशी केली का?

'त्यात काय करायचं? रोज पाणी तर घालतोच आम्ही!' असं तुम्ही म्हणाल. आणि नेमकी इथेच गंमत आहे. या मंडळींना हिवाळ्यात सगळ्यात जास्त धोका कुणाकडून असेल, तर तो त्यांच्यावर खूप माया करणाऱ्यांकडून! कसा ते आता बघू या.

गुबगुबीत म्हणजे कोण?

कोरफडीचं पान मोडलं की आत काय दिसतं? पाणीदार, बुळबुळीत गर. ही झाडं पानांत किंवा खोडांत पाणी साठवून ठेवतात. नर्सरीवाले त्यांना 'सक्युलंट' म्हणतात, विज्ञानाच्या पुस्तकात 'मांसल वनस्पती' लिहिलेलं असतं. आपण त्यांना गुबगुबीत म्हणू.

ही मंडळी मुळात कोरड्या मुलखातली. कोरफड अरबस्तानातली, पानफुटी मादागास्कर बेटावरची, जेड दक्षिण आफ्रिकेतलं, घायपात मेक्सिकोतलं. पावसाचा भरवसा नसलेल्या ठिकाणी ती वाढली. म्हणून आज मिळालेलं पाणी उद्यासाठी राखून ठेवायची त्यांना सवय लागली. पैसे साठवायचा मातीचा गल्ला असतो ना, तसा हा पाण्याचा गल्ला!

आता भरलेल्या गल्ल्यात आपण रोज आणखी पाणी ओतत राहिलो तर?

खरा चोर कोण?

जानेवारीत एखादी कोरफड मेली की आपण म्हणतो, 'थंडीनं गेली.' पण जरा पोलिसासारखा तपास करा. कुंडीत बोट घाला. माती ओली लागते का? झाड हलकेच उपटून पाहा. मुळं काळी, मऊ आणि कुबट वासाची आहेत का? मग चोर थंडी नव्हेच. तिचा एक साथीदार होता. त्याचं नाव पाणी!

असं होतं बघा. उन्हाळ्यात घातलेलं पाणी एक-दोन दिवसांत उडून जातं. हिवाळ्यात ऊन कोवळं, दिवस लहान, माती गार. त्यामुळे तेवढंच पाणी कितीतरी दिवस मातीत बसून राहतं. झाडाची वाढही मंदावलेली असते, म्हणून तेही पाणी ओढून घेत नाही. मातीच्या कणांमध्ये जी हवा खेळायची, तिची जागा पाणी घेतं. मुळांनाही हवा लागते. ती मिळाली नाही की मुळं गुदमरतात, कुजतात. आणि मुळं कुजली की वरचं झाड कितीही गुबगुबीत असो, कोसळतंच.

कडाक्याची थंडी पडते तिथे आणखी एक संकट असतं. पाण्याचा बर्फ होताना तो फुगतो. १०० मिलिलिटर पाण्याचा साधारण १०९ मिलिलिटर बर्फ होतो. काचेची भरलेली बाटली फ्रीझरमध्ये तडकते ती यामुळेच. पानातल्या पाण्याचा बर्फ झाला, तर पानाच्या इवल्या इवल्या पेशींचीही अशीच मोडतोड होते. मग ऊन पडलं की ते पान उकडलेल्या भाजीसारखं लिबलिबीत होऊन लोंबतं.

म्हणजे आपल्या गोष्टीतलं पहिलं वाक्य ठरलं: कोरडं झाड थंडी सोसतं, ओलं झाड सोसत नाही.

रात्रीची गुपचूप कमाई

या झाडांना पाणी इतकं कमी कसं पुरतं? त्याचं एक गुपित आहे आणि ते गुपित उलगडण्याची सुरुवात आपल्याच देशात झाली.

साधारण दोनशे वर्षांपूर्वी बेंजामिन हाइन नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ भारतात काम करत होते. त्यांनी पानफुटीचं पान सकाळी चाखलं, तर ते आंबट! दुपारी चाखलं, तर आंबटपणा गायब. त्यांनी ही नोंद पत्रानं लंडनला कळवली आणि १८१५ मध्ये ती तिथे छापली गेली. (तुम्ही मात्र पान चाखायचं नाही हं! पानफुटीत विषारी द्रव्यंही असतात.)

हा आंबटपणा कुठून आला? बहुतेक झाडं दिवसा पानांवरची बारीक भोकं, म्हणजे पर्णरंध्रं, उघडतात आणि कार्बन डायऑक्साइड आत घेतात. पण भोकं उघडली की आतलं पाणीही उडतं. आपली गुबगुबीत मंडळी हुशार! ती दिवसा दारं लावून घेतात आणि रात्री, गारव्यात उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात, म्हणून सकाळी पान आंबट. दिवसा उन्हाच्या मदतीनं तोच वापरून अन्न तयार करतात, म्हणून दुपारी आंबटपणा नाही.

इतकं जपून पाणी वापरणाऱ्या झाडाला हिवाळ्यात रोज तांब्याभर पाणी म्हणजे पोट भरलेल्या पाहुण्याच्या ताटात आणखी चार पुरणपोळ्या वाढण्यासारखंच की!

बर्फात राहणारे चुलतभाऊ

पानफुटीच्याच कुळातले काही भाऊबंद तर थेट बर्फात राहतात. खोटं नाही सांगत!

लडाखमध्ये उंच डोंगरांवर 'सोलो' नावाची एक मांसल वनस्पती उगवते. तिथले लोक तिच्या कोवळ्या पानांची भाजी करतात. हिवाळ्यात तिथे पारा शून्याखाली २० अंशांच्याही खाली उतरतो. मग सोलो काय करते? जमिनीवरचा सगळा पसारा वाळवून टाकते आणि जाडजूड मुळाच्या रूपात मातीत झोपून राहते. उन्हाळा आला की पुन्हा हजर!

युरोपातल्या आल्प्स पर्वतावर आणखी एक भाऊ आहे, 'सेंपरव्हायवम'. या लॅटिन नावाचा अर्थच 'सदा जिवंत'. गुलाबाच्या फुलासारखी पानांची गोल रचना आणि उंची चार बोटं. शार्लमेन नावाच्या सम्राटाच्या काळात, इ. स. ८०० च्या सुमारास, शाही बागांसाठी एक हुकूमनामा निघाला. त्यातल्या झाडांच्या लांबलचक यादीच्या शेवटी लिहिलं होतं की माळ्यानं हे झाड आपल्या घरावर लावावं. हे झाड असलं की घरावर वीज पडत नाही, अशी तिकडे समजूत होती. ती समजूतच, बरं का! पण छपरावरच्या मूठभर मातीत, बर्फाखाली हे झाड जगतं, हे मात्र खरं.

ते कसं जगतं? थंडीची चाहूल लागली की ते पानांतलं पाणी कमी करतं, आक्रसतं, पानं मिटून घेतं. पेशींतल्या रसात साखरेसारखे पदार्थ वाढवतं. साखर विरघळलेलं पाणी साध्या पाण्याइतकं लवकर गोठत नाही. तरीसुद्धा युरोपातले लोक हे झाड कुंडीत लावतात, तेव्हा हिवाळ्यात त्याला पावसापासून जपतात. बर्फ चालतो, पण साचलेलं पाणी चालत नाही. बघा, तिकडचा चोरही तोच निघाला!

*करून पाहा:* दोन सारख्या वाट्या घ्या. एकीत साधं पाणी, दुसरीत तेवढंच पाणी आणि चार चमचे साखर. नीट ढवळा. मोठ्यांना विचारून दोन्ही वाट्या फ्रीझरमध्ये ठेवा. दर तासानं काडी टोचून पाहा. आधी कुठली वाटी घट्ट होते? वहीत लिहा.

आपली थंडी, आपला गाव

आता आल्प्सवरून घरी येऊ. आपल्याकडची कोरफड किंवा पानफुटी सोलोइतकी काटक नाही. पण आपली थंडी तरी सगळीकडे सारखी कुठे असते?

मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात राहत असाल, तर तुमच्या झाडांना थंडीची भीती नाहीच. उलट पावसाळ्याच्या चार महिन्यांनंतरचा हा सुखाचा काळ. तिथे फक्त पाणी कमी करा आणि ऊन द्या.

पुणे, सातारा, संभाजीनगर, नागपूर या भागांत काही रात्री बोचऱ्या असतात. तिथे जरा काळजी घ्यायची.

नाशिककडे, त्यातही निफाड परिसरात, काही वर्षी पारा ५ अंशांच्याही खाली जातो. अशा रात्री द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवून जागत बसतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी तर एखाद्या पहाटे दवबिंदूच गोठतात आणि गवतावर, गाड्यांच्या टपांवर पांढरी साखर पसरल्यासारखी दिसते. तिथे राहणाऱ्यांनी कुंड्यांची पूर्ण तयारी करायला हवी.

आणि एक लक्षात ठेवा. जमिनीतल्या झाडापेक्षा कुंडीतलं झाड लवकर गारठतं. जमिनीत मुळांभोवती मातीची भलीमोठी गोधडी असते. कुंडीत मात्र चारही बाजूंनी गारवा आत शिरतो. कुंडी जितकी लहान, तितकी जास्त काळजी.

चला, कामाला लागू!

एखादा रविवार ठरवा. जुने कपडे घाला, आई-बाबांनाही बोलवा. कामं सहा आहेत.

एक – भोक तपासा. कुंडी उचला आणि खाली पाहा. पाणी जायचं भोक मातीनं बुजलंय का? काडीनं मोकळं करा. कुंडीखालची बशी हिवाळाभर काढून टाका. कुंडी दोन विटांवर ठेवली की पाणी झटकन निथळतं आणि गार फरशीचा गारवाही लागत नाही.

दोन – माती पाहा. पाणी घातल्यावर वर तळं साचत असेल, तर माती चिकण आहे. मग ती बदला. एक वाटा माती, एक वाटा जाडी वाळू, एक वाटा विटांचा चुरा आणि मूठभर जुनं शेणखत. भोकावर खापरीचा तुकडा उपडा ठेवायला विसरू नका. झाड बसवल्यावर चार-पाच दिवस पाणी घालू नका. तुटलेली मुळं तेवढ्यात भरून येतात. हे काम मात्र दिवाळीच्या आगेमागेच उरका. कडाक्याच्या थंडीत झाडाला उठवू नका.

तीन – साफसफाई करा. खालची वाळकी पानं काढून टाका. त्यांच्याखाली ओल राहते आणि किडे लपतात. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही दिसतंय? तो आहे पिठ्या ढेकूण! साबणाच्या पातळ पाण्यात बुडवलेल्या कापसाच्या बोळ्यानं तो पुसून काढा. शेर किंवा चिकाचा निवडुंग असेल, तर त्याला मुलांनी हात लावायचा नाही. त्याचा चीक डोळ्यांत गेला तर फार वाईट. ते काम मोठ्यांनी हातमोजे घालून करावं.

चार – ऊन शोधा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो. मे महिन्यात भर दुपारी तो जवळजवळ डोक्यावर असतो, पण २२ डिसेंबरला पुण्यात भर दुपारीही तो क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवरच असतो. म्हणून उत्तरेच्या गॅलरीतलं ऊन पळून जातं आणि दक्षिणेच्या खिडकीतून ते खोलवर आत येतं. सकाळी, दुपारी आणि सायंकाळी उन्हाच्या कडेवर खडूनं रेघ मारा. जिथे सगळ्यात जास्त वेळ ऊन राहतं, ती जागा कुंड्यांची. सावलीतलं झाड एकदम दिवसभर उन्हात नेऊ नका, पानं भाजतात. आठवडाभर थोडं थोडं सरकवा.

तुमच्याकडे लाल-पिवळ्या फुलांच्या झुबक्यांचं कलांचो असेल, तर त्याला आणखी एक गोष्ट हवी, ती म्हणजे अंधार! लांबच लांब काळोखी रात्र मिळाली तरच त्याला कळ्या धरतात. ते ट्यूबलाइटखाली किंवा रस्त्यावरच्या दिव्यासमोर ठेवू नका.

पाच – रात्रीची सोय करा. निरभ्र रात्री उघड्या आकाशाखालच्या वस्तू फार गार होतात. नुसतं डोक्यावर छप्पर असलं तरी पुष्कळ फरक पडतो. म्हणून थंडीच्या लाटेत कुंड्या व्हरांड्यात, दिवसभर तापलेल्या भिंतीशी, एकमेकींना चिकटून ठेवा. गोठ्यातल्या मेंढ्या कशा अंगाला अंग लावून बसतात, तशा! वरून वर्तमानपत्र किंवा जुनं धोतर टाका आणि सकाळी आठवणीनं काढा. पानांना चिकटेल असं प्लास्टिक नको, आत ओल धरते. पारा ५ अंशांच्या खाली जाणार असेल, तर कुंड्या सरळ घरात घ्या.

सहा – पाणी आवरा. हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात अवघड काम! जळून गेलेल्या उदबत्तीची काडी कुंडीत तळापर्यंत खुपसा. दहा मिनिटांनी काढा. काडी ओलसर आहे, माती चिकटली आहे? पाणी नको. काडी खडखडीत कोरडी? तरी गारठ्याच्या भागात आणखी चार दिवस थांबा. मग सकाळी, ऊन आल्यावर, मातीत पाणी घाला. पानांच्या मधल्या खळग्यात ओतू नका. खालून निथळलं की बस्स! सायंकाळी पाणी कधीच नको. आणि होळीपर्यंत खतही नको.

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात मुलांनी एक युक्ती केली आहे. प्रत्येक कुंडीत पुठ्ठ्याची छोटी पाटी टोचली आहे. एका बाजूला लिहिलंय, 'पोट भरलंय, धन्यवाद!' आणि दुसऱ्या बाजूला, 'तहान लागली!' काडी तपासायची आणि पाटी फिरवायची. पाटी वाचल्याशिवाय कुणीही पाणी घालायचं नाही, अगदी बाईंनीसुद्धा!

झाडाची बोली

झाड बोलत नाही असं कोण म्हणतं? त्याची बोली शिकून घ्या.

पान सुरकुतलं, पातळ झालं, पण हाताला घट्ट लागतंय, तर ते म्हणतंय, 'गल्ल्यातलं पाणी वापरतोय.' घाई नको. काडी तपासा आणि मगच ठरवा.

पान पिवळं, मऊ, काचेसारखं आरपार दिसतंय, तर ते म्हणतंय, 'वाचवा, बुडालो!' पाणी एकदम बंद. झाड कुंडीतून काढा आणि कुजलेला भाग मोठ्यांकडून कापून घ्या. उरलेलं झाड चार-पाच दिवस सावलीत सुकू द्या आणि मग कोरड्या मातीत बसवा.

पानांच्या कडा लालसर झाल्या, कोरफड तांबूस दिसू लागली, पण पानं घट्टच आहेत, तर घाबरायचं काही कारण नाही. थंडीनं आणि उन्हानं असा रंग चढतो. थंडीत आपलेही गाल उलतात, नाक लाल होतं, होय ना?

आणि वाढ थांबली, नवं पान नाही, कोंब नाही? मग ते निजलंय. त्याला उठवायला पाणी आणि खत देऊ नका. झोपलेल्या बाळाला कुणी दूध पाजायला उठवतं का?

एक पान राखीव

इतकं करूनही एखादं झाड दगावू शकतं. म्हणून थंडीच्या आधीच पानफुटीचं एक जाड पान काढा आणि ओलसर मातीवर आडवं ठेवा. घरात, खिडकीतल्या उजेडात. काही दिवसांनी पानाच्या कडेला खाचाखाचांतून इवली रोपं डोकावतील. एका पानाची कितीतरी झाडं! बाहेरचं झाड गेलं, तरी त्याची लेकरं घरात सुखरूप. एखादं रोप मित्राला द्या, एखादं आजोळी पाठवा.

जोडीला एक वही करा. रोज तारीख लिहा. वर्तमानपत्रात किंवा बाबांच्या मोबाईलवर पाहून रात्रीचं किमान तापमान लिहा. पाणी घातलं की निळा ठिपका काढा. हिवाळा संपेल तेव्हा ठिपके मोजा. जितके कमी, तितके तुम्ही हुशार माळी!

आई-बाबांनो, एक विनंती तुम्हांलाही. वहीतले ठिपके मुलांनाच काढू द्या. रोज काहीतरी करून माया दाखवणं सोपं असतं. पण हात मागे बांधून, नुसतं लक्ष ठेवून माया करायची, ही गोष्ट कुंडीतलं झाड फार छान शिकवतं.

'होळी जळाली, थंडी पळाली' असं आपण म्हणतो. होळीच्या सुमाराला ऊन तापू लागेल. मग पाणी हळूहळू वाढवा. सुरकुतलेली पानं पुन्हा टच्च फुगतील, मधून हिरवागार कोंब वर येईल.

तोवर काडी तपासायची, पाटी वाचायची आणि तांब्या खाली ठेवायचा. जमेल ना? मग उचला ती पहिली कुंडी आणि पाहा बरं, खालचं भोक मोकळं आहे का?